लग्नपत्रिकेच्या पाठीवरचे शेरे

किस्से जमवावे लागत नाहीत, ते घरात नुसते साठत जातात. माझ्याकडे जुन्या सीड्यांचा एक खोका आहे. त्यातली कोणतीही सीडी बाहेर काढली, की तिच्यामागून एक किस्सा निघतो. समोर बंटी किंवा टिकाराम असला, तर एकामागून चार निघतात.

"सर, लिहून काढा ना आता," टिकाराम परवा म्हणाला. "मी विसरलो, तुम्ही विसरले, त मंग कोनाले माहीत राहीन?"

म्हणून लिहितो आहे.

१९९९ साली मी आमगावात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कॉम्प्युटरचा क्लास काढला. पुढे क्लास, मागे घर. दिवसभर टायपिंग शिकवायचं आणि संध्याकाळी त्याच मशीनवर व्हिडिओ गेम लावायचे. लोक येऊन खेळत, सीड्या घरी नेत. मला स्वतःला गेममधलं फारसं कळत नसे. कळायचं ते माझ्या बायकोला, देवकीला. ती इटियाडोह धरणाच्या कालव्याकडच्या एका गावातली, दहावी शिकलेली. मशीनला हात लावायच्या आधी दोन वर्षं ती नुसती मागे उभी राहून बघत होती. तेवढ्या बघण्यावर तिला जी मतं झाली, ती ऐकायला गोंदियाहून माणसं यायची!

ही मतं ती लिहून ठेवी. आमच्याकडे उन्हाळ्यात लग्नपत्रिकांचा ढीग पडतो. पत्रिकेची मागची कोरी बाजू ती कापून घ्यायची, हिरव्या स्केचपेनने त्यावर दोन-तीन ओळी लिहायची आणि ती चिठ्ठी सीडीच्या कव्हरात घालून ठेवायची. तिचं बोलणं घरचं, झाडीपट्टीतलं. पण चिठ्ठी मात्र शाळेतल्या मराठीत. बारा वर्षांत आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक खेळावर तिने लिहिलं.

फक्त एक खेळ राहिला. तो मी तयार केला होता. देवकीला जाऊन आता तीन वर्षं झाली. माझा खेळ तिला कसा वाटला, हे मला अजून जाणून घ्यायचं आहे.

ते असो. आधी बाकीचे.

*

सुरुवातीला मशीन एकच होतं, म्हणून जोडीला टीव्हीवर लावायचा गेम आणला होता. त्यात एक बुटका माणूस उड्या मारत, खड्डे ओलांडत, राजकन्येला सोडवायला निघालेला असतो.

बंटीचं बाजारात कापडाचं दुकान. घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चिडला की पुन्हा हिंदी. तो संध्याकाळी दुकान भावावर सोपवून यायचा. त्या दिवशी तो शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचला होता. मागे देवकी वालाच्या शेंगा सोलत उभी.

"बंटीभाऊ, एक विचारू का?"

"पूछो भाभी, लेकिन जल्दी."

"हा सकाळपासून उड्या मारून राहिला. याच्या घरी कोनी वाट नाई पाहत का?"

बंटी हसायला लागला, हात सुटला आणि बुटका खड्ड्यात!

"भाभी, आपने मरवा दिया!"

"मी काऊन मारू? जेवला नव्हता तो."

ही तिची पहिली चिठ्ठी. 'उड्या चांगल्या मारतो. पण सकाळपासून उपाशी आहे.' दुसऱ्या दिवशी बंटीने ती चिठ्ठी आपल्या दुकानात वाचून दाखवली आणि संध्याकाळी चार नवी माणसं तो उपाशी माणूस बघायला आली.

*

मग मशीनं वाढली, सीड्या आल्या, आणि सीड्यांबरोबर गाड्यांच्या शर्यती आल्या.

टिकाराम तांदळाच्या मिलचा ट्रॅक्टर चालवायचा. स्टिअरिंग म्हटलं की आपल्याला कोणी शिकवायचं नाही, असा त्याचा बाणा. शर्यतीच्या गेममध्ये तो सगळ्यांना ठोकत, बाजूला फेकत पहिला यायचा. त्या सीडीवर देवकीने लिहिलं, 'रस्ता गुळगुळीत आहे. एक म्हैस नाही, सायकल नाही, डोक्यावर भारा घेतलेली बाई नाही. अशा रस्त्यावर कोणीही पहिला येईल.'

टिकारामला ते फार लागलं. "वैनी, बसा मशीनवर! चालवून दाखवा!"

ती बसली. तिची ती पहिलीच वेळ. प्रत्येक वळणावर गाडी हळू केली. मागून कोणी आलं की डावीकडे घेऊन त्याला वाट दिली. शेवटून पहिली आली. बाकीच्या गाड्या पोचल्या होत्या, बक्षीस घेऊन झालं होतं आणि पडदा काळा व्हायच्या बेतात होता.

"मी कोनाले धक्का नाई देल्ला," ती उठत म्हणाली.

"वैनी, धक्का देनं हेच त रेस हाये!"

"अस्सं? मंग तुमच्या ट्रॅक्टरवर मी नाई बसत बाप्पा!"

त्या वर्षी शिवरात्रीला आम्ही आमच्याकडच्या प्रतापगडच्या जत्रेला टिकारामच्याच ट्रॉलीत बसून निघालो. समजूत घालून तिला बसवलं होतं. टिकारामने ट्रॅक्टर असा चालवला, की सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जात होते. एकाने वळून विचारलंच, "काऊन गा, डिझेल संपलं का?"

टिकारामने मान न वळवता उत्तर दिलं, "चूप! मांगं परीक्षक बसली हाये!"

*

विटा पडण्याचा खेळ सगळ्यांना माहीत असतो. वरून वेगवेगळ्या आकारांच्या विटा पडतात, त्या नीट बसवायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. या खेळात टिकारामला कोणी हरवू शकत नसे. हंगामात तो मिलमध्ये पोत्यांची थप्पी लावायचा. कोणतं पोतं कुठे आडवं, कुठे उभं, हे त्याच्या हातातच होतं.

देवकीने मात्र त्याला हरवलं. आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आमच्याकडे तीन वेळा वरण करपलं. मी बोललो काही नाही, फक्त ताटाकडे जरा जास्त वेळ बघितलं असेन.

संध्याकाळी चिठ्ठी आली. 'नीट रचलं ते लगेच नाहीसं होतं. चुकलं तेवढंच सर्वांना दिसत राहतं. हा खेळ घरकामावर आहे.'

बंटीने ती मोठ्याने वाचली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, आज आपके ऊपर रिव्ह्यू आया है."

*

काही चिठ्ठ्यांना किस्सा नाही, पण त्या सोडवत नाहीत.

मोबाइलमधल्या सापाच्या खेळावर: 'जितकं खातो तितका स्वतःच्याच अडचणीत येतो. आमच्या मामांना दाखवावा.' (मामा आले, खेळले, त्यांना खेळ फार आवडला. चिठ्ठी त्यांच्यापासून लपवून ठेवावी लागली!)

क्रिकेटच्या खेळावर: 'प्रेक्षक सगळे एकदम उठतात, एकदम बसतात. एकालाही खोकला येत नाही.'

भुताच्या खेळावर: 'भूत बिचारं जुन्या घरात एकटं राहत होतं. हाच बंदूक घेऊन शिरला.'

*

नागपूरहून सीड्या घेऊन एक माणूस यायचा. दोन महिन्यांतून एकदा, खांद्याला काळी बॅग. एकदा त्याने कपाटातल्या चिठ्ठ्या वाचल्या. एक वाचली, दोन वाचल्या, मग तो लालच झाला.

"सर, हे काय? दुकानदार स्वतःच लिहून राहिला की गेम बेकार आहे? धंदा करता की काय करता?"

मी आतल्या दाराकडे बोट दाखवलं. तो तावातावाने आत गेला. पंधरा मिनिटं झाली, आवाज नाही. मी डोकावलो तर गृहस्थ पाटावर बसून भात आणि चण्याची भाजी खात होते.

"सकाळच्या पॅसेंजरनं आले ते," देवकी म्हणाली. "भांडतील जेवन झाल्यावर."

जेवल्यावर भांडण काही जमलं नाही. त्याने एवढंच म्हटलं, "ताई, या नव्या गेमवर तरी चांगलं लिहा. माझ्यासाठी."

तिने तो खेळ आधी पूर्ण बघितला. मग लिहिलं, 'खेळात काही दम नाही. आणणारा माणूस चांगला आहे.'

त्या वर्षी सगळ्यात जास्त वेळा लोकांनी नेलेली सीडी तीच!

*

लढाईच्या खेळाचा किस्सा बंटी नेहमी हसत सांगायचा. अलीकडे सांगत नाही.

तेव्हा नवीनच एक गेम आला होता. बंटी बंदूक घेऊन पडक्या इमारतीत शिरायचा आणि समोर येईल त्याला उडवायचा. पडलेली माणसं दोन क्षण जमिनीवर दिसत आणि मग विरून जात.

देवकी बराच वेळ बघत राहिली. "बंटीभाऊ, हे मेल्यावर कोठी जातेत?"

"गायब हो जाते हैं, भाभी. मेमरी बचती है."

"कोनी न्यायले नाई येत त्याइले?"

"कौन आएगा? गेम है!"

तिने चिठ्ठी लिहिली. 'मेलेल्या माणसाला उचलायला कोणी येत नाही. खेळ घाईत केलेला आहे.'

आम्ही सगळे खूप हसलो होतो. तिला घेऊन नागपूरहून आलो, त्या दिवशी अँब्युलन्स दाराशी थांबली तेव्हा बंटी, टिकाराम आणि आमच्या क्लासची सगळी जुनी पोरं आधीच येऊन उभी होती. कोणी कोणाला बोलावलेलं नव्हतं. बंटीने दुकान बंद करून, खांद्यावर दुपट्टा घेऊन तिरडीची पुढची बाजू धरली. ती चिठ्ठी आता त्याच्याकडे आहे. त्याने मागितली नाही, मीच दिली.

*

आता माझा खेळ.

मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता शिकवता मला वाटलं, आपणही एक गेम करावा. आपल्या भागातला. आमच्याकडे धानाच्या लावणीला रोवणी म्हणतात. त्यावरच खेळ. पडद्यावर चिखल केलेली बांधी म्हणजे खाचर, धुऱ्यावर म्हणजे बांधावर रोपांच्या पेंड्या, आणि रोपं लावणारा एक माणूस. सूर्य बुडायच्या आत जितकी रोपं लावाल तितके गुण. चार महिने खपलो. देवकीला बोलावून मोठ्या ऐटीत दाखवला.

ती दोन मिनिटं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की शेजारच्या खोलीतली टायपिंगची बॅच थांबली.

"अवो, हा समोर चालत रोवनी करून राहिला!"

"मग?"

"रोवनी मांगं सरकत करतेत जी! हा त लावलेलं सारं तुडवून राहिला!"

मी शाळामास्तराचा मुलगा. रोवणी जन्मभर रस्त्यावरून बघितलेली. बायका रांगेने वाकलेल्या दिसत, पण त्या पुढे चालल्या आहेत की मागे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या माणसाला उलटं चालायला शिकवण्यात माझे तीन आठवडे गेले. तो मागे सरकायचा आणि धुऱ्यावरून पलीकडे पडायचा. टिकाराम रोज येऊन विचारायचा, "सर, आज पडला का?"

ते जमलं, तर दुसरी हरकत. "एकटाच काऊन हाये? बाया कोठी गेल्या साऱ्या?"

"मला एकच माणूस काढता येतो."

"सावली त द्या त्याले."

एक मोहाचं झाड काढलं. त्याच्याखाली बसायची सोय केली. बटण दाबलं की माणूस जाऊन बसायचा.

"दुपार झाली. याले शिदोरी कोन आनते?"

इथे मात्र मी हात टेकले. दोन माणसं एकाच वेळी हलवणं मला काही केल्या जमेना. शेवटी एक तोड काढली. दुपार झाली की डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई धुऱ्यावरून येते. माणूस झाडाखाली असेल तर तीही बसते. तो बसला आहे तोवर ती बसते. तो रोवणीला उठला, की ती टोपली उचलून निघून जाते आणि मग त्या दिवशी पुन्हा येत नाही.

देवकीने त्या बाईकडे बघितलं. "लुगडं हिरवं करा," एवढंच म्हणाली.

केलं. आणि वाट बघत बसलो. प्रत्येक खेळाला चिठ्ठी लिहिणारी बाई माझ्या खेळावर काही लिहीना. आठवडा गेला, महिना गेला. मी कोरी पत्रिका कापून तिच्यासमोर ठेवली. स्केचपेनसुद्धा ठेवला.

"लिहीन," ती म्हणाली. "अजून पाहून राहिली."

*

खेळाच्या शेवटी गुणांची यादी येते. जगातल्या सगळ्या खेळांत सगळ्यात जास्त गुणवाले दहा जण त्यात असतात. माझ्या हातून चूक झाली. माझी यादी शेवटचे दहा खेळ लक्षात ठेवते, मग गुण कितीही असोत. अकरावा खेळला की सगळ्यात जुनं नाव पुसलं जातं. टिकारामने एका दिवसात सगळी बांधी लावून काढली, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं नाव गायब!

"सर, मले न्याय पाहिजे!" तो म्हणाला. दुरुस्त करतो म्हणालो, पण तेवढ्यात देवकीचं दुखणं निघालं आणि ते राहून गेलं.

ती गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी आजारपणात तिच्यासाठी घरात लावलेलं मशीन सुरू केलं. चिठ्ठी आधीच सगळीकडे शोधून झाली होती. डब्यांत, पुस्तकांत, पत्रिकांच्या गठ्ठ्यात. खेळ उघडला, यादी आली. दहाच्या दहा ओळींत एकच नाव होतं. देवकी. आणि प्रत्येक नावापुढे शून्य.

बंटी आणि टिकाराम माझ्या मागे उभे होते. बंटीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग हळूच म्हणाला, "सर, बुरा मत मानना. भाभी को शायद पसंद नहीं आया."

"शून्य कसं येईन पन?" टिकाराम म्हणाला. "लहानपनापासून रोवनी करनारी बाई. एक तरी रोप लावन का नाही?"

मलाही तेव्हा बंटीचंच म्हणणं पटलं. खेळ लावला असेल, कंटाळा आला असेल, उठून स्वयंपाकाला गेली असेल. वाईट वाटलं, पण तिचं मत ते तिचं मत. नागपूरच्या माणसाला तिने सवलत दिली नाही, मला कशाला देईल?

दोघांनाही तो खेळ एकदा खेळायचा असतो. जुन्या आठवणीसाठी. मी सांगतो, मशीन बिघडलं आहे. ते बिघडलेलं नाही, हे दोघांना माहीत आहे. कोणीही एकदा खेळला, तर दहातली तिची एक ओळ पुसली जाईल. टिकाराम मान हलवतो आणि म्हणतो, "राहू द्या सर. सुधरलं की सांगजो."

*

शेवटचा किस्सा मी त्या दोघांना कधी सांगितलेला नाही. घडला तेव्हा त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. परवा टिकारामने लिहा म्हटलं, सीड्यांचा खोका काढून बसलो, आणि आठवला.

ती नागपूरला दाखल व्हायच्या आधीचा आठवडा. फार वेळ उभं राहवत नव्हतं, म्हणून एक मशीन मी मागच्या घरात, खिडकीपाशी लावून दिलं होतं. त्या दुपारी बॅचमधल्या एका मुलीचं लग्न होतं, सगळी बॅच तिकडे गेलेली. मी क्लासला कुलूप लावून लवकर मागे आलो.

देवकी खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, कीबोर्ड लांब सरकवलेला. पडद्यावर माझा खेळ चालू. मोहाच्या झाडाखाली तो माणूस बसला होता, शेजारी हिरव्या लुगड्यातली बाई, मधे टोपली. सूर्य पार धुऱ्याला टेकला होता. रोपांच्या पेंड्या सकाळी होत्या तशाच. बांधीत एक रोप लावलेलं नाही!

मी दारातूनच म्हटलं, "अगं, दिवस बुडाला. त्याला उठव ना! सगळी रोवणी राहिली आहे."

तिने मान वळवली नाही.

"राहू द्या जी," ती म्हणाली. "उद्या लावन तो. ती आत्ताच त बसली हाये."